‘अपारंपरिक’ म्हणजे नेमकं काय? गॅस हायड्रेट शिकवताना अडलेला शब्द

भूगोलवाली: परवा अकरावीला गॅस हायड्रेट (मुख्यतः समुद्रतळाखाली बर्फासारख्या घनात कोंडलेला मिथेन वायू) शिकवताना फळ्यावर ‘अपारंपरिक ऊर्जास्रोत’ लिहिलं, आणि निम्म्या वर्गाने ते सौर-पवन ऊर्जेच्या रांगेत नेऊन बसवलं. पोरांची चूक नाही. अपारंपरिक म्हणजे सूर्य, वारा, गोबरगॅस हेच आपण लहानपणापासून घोटून घेतो. पण हा तर मिथेन! ‘पर्यायी’ म्हणू का?

मोरचूद: ताई, या एका शब्दाचे दोन मालक आहेत. शाळेत तो ‘न संपणारा’ या अर्थाने रुळला. तेलवायूच्या धंद्यात मात्र नेहमीच्या विहिरीतून सहज वर न येणारा वायू तो अपारंपरिक: शेल नावाच्या घट्ट खडकातला, कोळशाच्या थरातला, हायड्रेटमधला. इंधन जुनंच, काढायची रीत तेवढी नवी. ‘पर्यायी’ म्हणालात तर कशाला पर्याय तेही सांगा. कोळशाला म्हणत असाल तर चालेल. तेवढ्याच उष्णतेसाठी मिथेनमधून जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो.

माझी खरी तक्रार गॅस हायड्रेटच्या ‘सजल वायू’ या भाषांतराबद्दल आहे. मुलांना मोरचुदातलं स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बसलेलं पाणी, माहीत असतं. तिथे मीठ यजमान आणि पाणी पाहुणं. इथे उलट आहे. पाण्याचे रेणू पिंजरा बांधतात आणि मिथेन आत नुसता कोंडलेला असतो, पाण्याशी त्याचा रासायनिक बंध नसतो. ‘सजल’ने हे सगळं झाकून जातं. सरळ हायड्रेटच म्हणावं. एक घनमीटर हायड्रेट फुटलं की साधारण 160 घनमीटर वायू सुटतो, हा आकडा मुलं विसरत नाहीत.

दर्यावर्दी: आणि ‘जळता बर्फ’? जपानीत ‘मोएरु कोरी’ म्हणतात, अर्थ तोच.

मोरचूद: टोपणनाव म्हणून झकास, व्याख्येत नको. जळतो तो वायू, बर्फाचं पाणी होऊन ठिबकतं.

दर्यावर्दी: मग ‘साठा’ या शब्दालाही हात घाला. बातम्यांत कृष्णा-गोदावरी खोऱ्याचा ‘प्रचंड साठा’ असतो. भारताच्या 2006 च्या शोधमोहिमेत तिथे समुद्रतळाखाली हायड्रेटचा जाड थर सापडला, हे खरं. पण साठा म्हटलं की कोठारातलं धान्य डोळ्यासमोर येतं, हवं तेव्हा काढावं असं. जपानने 2013 मध्ये आपल्या किनाऱ्यासमोरच्या नानकाई या समुद्री खळग्यात दाब उतरवून वायू वर आणला, तर सहा दिवसांत विहिरीत वाळू शिरली आणि चाचणी थांबली. समुद्रातून व्यापारी उत्पादन अजून कुठेच नाही. आडात आहे, पोहऱ्यात येत नाही, अशी गत.

भूगोलवाली: हे वाक्य उद्या वर्गात चोरणार! फळ्यावर ‘अपारंपरिक, पण जीवाश्म इंधन’ असं लिहीन, आणि ‘साठा’ऐवजी ‘संसाधन’. एका पोराने विचारलंय, आपल्या कोकणासमोर आहे का?

दर्यावर्दी: त्याच मोहिमेत केरळ-कोकण खोऱ्यातही एका जागी छिद्र घेतलं होतं. हायड्रेट मिळालं नाही.