बोअरच्या पाण्यात तूरडाळ का शिजत नाही?

नवं_बिऱ्हाड

नमस्कार. जानेवारीत आम्ही कोथरूड सोडून शहराबाहेरच्या सोसायटीत राहायला आलो. तेव्हापासून वरण काही केल्या नीट होत नाही. कुकर तोच, दुकान तेच, मापही तेच. आधी तीन शिट्ट्यांत डाळ अशी शिजायची की रवी फिरवली की एकजीव. आता सहा शिट्ट्या काढल्या तरी दाणा दाणा वेगळा, आणि वर पिवळं पाणी. सासूबाई म्हणतात पाणी जड आहे, नवरा म्हणतो दुकानदाराने माल बदलला. इथे पालिकेची लाइन नाही, बोअर आहे आणि उन्हाळ्यात टँकर. पाणी दिसायला अगदी नितळ. मग त्यात डाळ का शिजू नये? मी डाळीतच हळद, हिंग, थोडं तेल आणि एक टोमॅटो चिरून घालते.

खमंग_फोडणी

चिमूटभर खायचा सोडा टाका, पाच मिनिटांत गळेल. आमच्या गावी बोअरचं पाणी आहे, सगळे हेच करतात.

भीमाकाठ

सासूबाईंचं बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. पण तुमच्या प्रश्नातच आणखी एक आरोपी दडलाय, त्याच्याकडे शेवटी येते.

मी बार्शीकडे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे. पाण्याचा जडपणा मोजायचा प्रयोग असला की मुलांना घरून बाटलीत पाणी आणायला सांगायचे. कुणी विहिरीचं आणायचं, कुणी बोअरचं. ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणाऱ्या रसायनाचं द्रावण थेंब थेंब सोडत जायचं आणि लालसर रंग निळा झाला की थांबायचं. काही बाटल्यांना ब्युरेट, म्हणजे त्या द्रावणाची मापनळी, जवळजवळ रिकामी व्हायची. ते पाणीही तुमच्यासारखंच नितळ दिसायचं. जडपणा म्हणजे विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, ते डोळ्यांना दिसत नाही.

ते येतं आपल्या काळ्या पाषाणातून. पावसाचं पाणी मातीतून उतरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि बेसॉल्टमधली खनिजं हळूहळू विरघळवतं. कोथरूडला तुम्ही खडकवासल्याचं पाणी वापरत होतात. ते मुख्यतः पावसाचं साठवलेलं पाणी, खडकाच्या पोटात फार काळ मुरलेलं नाही. बोअरचं पाणी भेगाभेगांतून फिरून येतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाणी पिण्यायोग्य असूनही डाळीला त्रासदायक ठरू शकतं.

आता डाळीच्या आत काय होतं ते बघू. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, भिंतीतल्या विटा चुन्याने धरलेल्या असतात तशा. डाळ शिजते म्हणजे हे पेक्टिन उष्णतेने सुटतं, पेशी मोकळ्या होतात आणि रवी फिरवली की एकजीव होतं. पण कॅल्शियमला दोन धनभार असतात. तो पेक्टिनच्या दोन साखळ्यांना एकाच वेळी धरतो आणि त्यांच्यात टाके घालतो. हे टाके पडले की आतला स्टार्च शिजतो, पण पेशी सुटत नाहीत. तुम्हाला दिसतो तो वेगळा दाणा हाच. आणखी शिट्ट्यांनी थोडा फरक पडतो, पण कॅल्शियम काही जात नाही. कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, ते शिट्ट्यांची संख्या वाढवल्याने वाढत नाही. नुसता वेळ वाढतो.

सोड्याबद्दल. तो काम करतो हे खरं. सोड्याने पाणी अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट होतं, त्यात पेक्टिन लवकर तुटतं आणि काही कॅल्शियमही खाली बसतं. पण डाळीतलं थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, त्याने नष्ट होतं, आणि चव साबणासारखी लागू लागते. डाळीत हळद असेल तर ती लालसर पडते, तेव्हा समजायचं सोडा जास्त झाला. ज्या घरात रोज वरणभात हेच मुख्य जेवण आहे तिथे मी रोज सोडा घालणार नाही. अडीअडचणीला घाला, सवय लावू नका.

आता तो दुसरा आरोपी: तुमचा टोमॅटो. आम्लात पेक्टिन टिकून राहतं. म्हणूनच आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजून घोटल्यावर घालायची पद्धत आहे. कोथरूडच्या पाण्यात टोमॅटो खपून जात होता. इथे जड पाणी आणि आंबट दोन्ही एकत्र आले.

खात्री करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदला. कुकरच्या दोन डब्यांत एकाच पिशवीतली अर्धी अर्धी वाटी डाळ घ्या. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात फिल्टरचं (आरओचं), दोन्हींत मोजून सारखं. टोमॅटो, हळद, तेल काही नको. एकाच आचेवर, एकाच वेळी शिजवा. दोन्ही कच्चे राहिले तर दोष डाळीचा, नवऱ्याचं म्हणणं खरं. फिल्टरच्या पाण्याचा डबाच मऊ झाला तर पाणी.

उदगीरकर

मॅडमनी पाण्याचं नीट सांगितलं, डाळीचं मी सांगतो, आमचा मिलशी रोजचा संबंध आहे. तुरीची काढणी डिसेंबर ते फेब्रुवारीत होते. वर्ष दीड वर्ष उष्ण, दमट जागी पडून राहिलेली डाळ शिजायला कठीण जाते, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. दुकानदाराने लबाडी केली असंच नाही, गोदामात कशी ठेवली त्यावर बरंच असतं.

भीमाकाठ

@उदगीरकर, अगदी बरोबर, आणि त्याचंही कारण तोच कॅल्शियम आहे. डाळीत फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतं. गरम दमट हवेत साठवलं की ते हळूहळू तुटतं आणि मोकळा झालेला कॅल्शियम पेक्टिनला जाऊन चिकटतो. म्हणजे जुनी डाळ आपला जडपणा सोबतच घेऊन येते. ती आरओच्या पाण्यातही हट्ट करते.

नवं_बिऱ्हाड

मॅडम, काल रात्री केलं. फिल्टरच्या पाण्याची डाळ चमच्याने दाबताच मोडली. बोअरच्या पाण्याची बोटांत धरली तर टणक. सासूबाई फार खूश आहेत. पण आमच्याकडे पाणी जपून वापरावं लागतं आणि आरओ बरंच पाणी वाया घालवतो. सगळा स्वयंपाक त्यावर करणं शक्य नाही. आणि सोसायटीत एकजण टीडीएस मीटर घेऊन आले होते, त्यावरून जडपणा कळतो का?

भीमाकाठ

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती जाते त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यात मीठही आलं आणि कॅल्शियमही. दोन बोअरचा आकडा सारखा असून एकात डाळ शिजेल, दुसऱ्यात नाही. घरी अंदाज घ्यायचा तर साधा कपड्याचा साबण घ्या, पावडर नको. बाटलीत थोडं पाणी, त्यात साबणाचा तुकडा, आणि जोरात हलवा. फेस येण्याऐवजी पांढरी चोथ्यासारखी साय आली तर पाणी जड. नेमका आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेतून ‘एकूण काठिण्य’ (म्हणजेच एकूण जडपणा) तपासून घ्या.

सगळा स्वयंपाक आरओवर करायची गरज नाही. पोळीची कणीक, चहा, पालेभाजी बोअरच्या पाण्यात होऊ द्या. वाटीभर डाळीला तीन वाट्या पाणी लागतं, तेवढंच फिल्टरचं घ्या. तेही नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, निवळू द्या आणि वरचं अलगद ओतून घ्या. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा त्याने बराच उतरतो, तळाशी पांढरा थर बसलेला दिसेल. क्लोराइड-सल्फेटचा मात्र उकळून जात नाही. डाळ अर्धा तास चिमूटभर मीठ घातलेल्या फिल्टरच्या पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिलंत तरी फरक पडतो. मिठातला सोडियम पेक्टिनमधल्या काही कॅल्शियमची जागा घेतो. मिठाने डाळ कडक होते असं पुष्कळांनी ऐकलेलं असतं, ते खरं नाही. राजमा, छोले असतील तर असंच रात्रभर भिजवा.

टोमॅटो फोडणीत परता आणि घोटलेली डाळ त्यावर ओता. आज एवढं करून बघा आणि किती शिट्ट्या लागल्या ते इथे लिहा. शक्यतो पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून मिनिटं मोजा, शिट्ट्यांपेक्षा तो हिशोब पक्का.