हंपीसाठी एक लेन्स सुचवा (निकॉन डी५६००, बजेट १५ हजार)

कृष्णाकाठची_स्नेहा
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आईबाबांना घेऊन हंपीला चाललेय. मिरजेहून हरिप्रियानं होस्पेट, पुढं रिक्षा. कॅमेरा निकॉन डी५६००, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी एवढीच लेन्स (आकडा लहान तर दृश्य रुंद, मोठा तर लांबचं जवळ). आता एक घ्यायचीच आहे, बजेट १५ हजार, सेकंडहँड चालेल, पण १५ च्या वर जाता येणार नाही, घरात दुसरे खर्च आहेत. मला गोपुरं, धोंडे, नदी सगळंच हवंय पण सगळ्यात जास्त कोरीवकाम. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून फार चढउतार जमणार नाही. ट्रायपॉड न्यावा का तेही सांगा.

फुलफ्रेम_फडके
ताई, १५ हजारात पैसे वाया घालवू नका. मी थांबून थांबून पैसे साठवले आणि सरळ फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी आणि १४-२४ एफ २.८ लेन्स घेतली (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), विठ्ठल मंदिराचा महामंडप एका फ्रेममध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत येतो आणि अंधारातही खांबावरचा घोडेस्वार स्वच्छ दिसतो. माझा तो फोटो ऑफिसात भिंतभर लावलाय. लाख-दीड लाख जमेपर्यंत थांबा, हंपी कुठं पळून जात नाही.

रानवाटा
वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स घे. हंपी म्हणजे वाइड. निकॉनची एएफ-पी १०-२० बघ, व्हीआर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) आहे, वजन नाही. नवी २० च्या वर जाते, पण एकदाच घ्यायची असते. आणि एक महत्त्वाचं, डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. म्हणजे जुनी ५० एफ १.८ 'डी' स्वस्त मिळते म्हणून उचलशील तर ऑटोफोकस चालणारच नाही, प्रत्येक वेळी हातानं रिंग फिरवत बसावं लागेल. टोकिना ११-१६ सुद्धा पहिली आवृत्ती असेल तर निकॉनवर तेच होतं, दुसरीत मोटर आहे. विकणारे हे सांगत नाहीत.

आदित्य_ठाणे
मोबाईलच घेऊन जा. माझ्या नव्या फोननं विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथाचा काढलेला फोटो बघून लोक विचारतात कुठला कॅमेरा. ५० च्या नोटेवर जो रथ आहे तोच अँगल. फोन सव्वा लाखाचा आहे पण त्यात सगळंच येतं ना.

कृष्णाकाठची_स्नेहा
बजेट १५ हजार आहे हो. फोन किंवा बॉडी बदलायची नाहीये.

सोलापुरी_भटक्या
ट्रायपॉड अजिबात नको. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूत ट्रायपॉडला लेखी परवानगी लागते, गेटवरच थांबवतात. ड्रोनचा तर विचारही नको. हातात धरून काढायचं हे धरूनच लेन्स ठरवा, म्हणजे व्हीआर असलेलीच. दुसरं, विठ्ठल मंदिर साडेआठच्या आसपास उघडतं, त्यामुळं सूर्योदयाचा रथ वगैरे विसरा. पण उघडल्या उघडल्या पूर्वेच्या गोपुरातून आत शिरा, ऊन पाठीशी असतं आणि रथ समोर. दहानंतर सहलीची पोरं येतात, मग रथाभोवती कडं होतं. गाडी अलीकडं लावून शेवटचा किलोमीटरभर बॅटरीची गाडी असते, बाबांना चालावं लागणार नाही. तिकीट सांभाळून ठेवा, त्याच दिवशी कमल महालाकडं आणि कमलापूरच्या संग्रहालयात तेच चालतं.

इतिहासवेडा_भोर
लेन्सचं मला कळत नाही, पण हंपीला जाताय तर वाचून जा. हंपी म्हणजे विजयनगर साम्राज्याची राजधानी. विजयनगरची स्थापना १३३६, तालिकोटची लढाई १५६५, कृष्णदेवराय १५०९ ते १५२९. उग्र नरसिंहाची मूर्ती १५२८ ची, म्हणजे त्याच्या अगदी शेवटच्या काळातली, एका दगडातली, पावणेसात मीटर उंच. हे माहीत असलं की फोटो वेगळा निघतो.

दगडधोंडे
तालिकोट नव्हे. लढाई कृष्णेकाठी रक्कसगी आणि तंगडगी या गावांजवळ झाली, तालिकोट तिथून लांब.

इतिहासवेडा_भोर
शाळेपासून तालिकोटच शिकलोय आणि पुस्तकांतही तेच छापतात. राक्षसतागडी म्हणा हवं तर, लढाई एकच.

माऊली_माऊली
विठ्ठल मंदिरात गाभारा रिकामा आहे ताई, आईंना आधीच सांगून ठेवा, माझ्या आईला फार वाईट वाटलं होतं. आपल्याकडं परंपरेनं सांगतात की कृष्णदेवरायानं पंढरपूरची मूर्ती तिकडं नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराजांनी ती परत आणली. त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढं आईनं हात जोडले, तो फोटो मी साध्या लेन्सनं काढलाय आणि आमच्या देवघरात आहे. म्हणून सांगते, माणसांचे फोटो काढा.

दगडधोंडे
त्या परंपरेला समकालीन पुरावा काय?

माऊली_माऊली
परंपरेनं सांगतात असंच लिहिलंय मी. वारकऱ्यांना पुरेसं आहे.

रानवाटा
धागा लेन्सचा आहे मंडळी. स्नेहा, वाइडच घे.

कोथरूडची_केतकी
सेकंडहँड घेणार असाल तर जपून. पुण्यातल्या एका दुकानातून मी लेन्स घेतली, बिलावर 'तपासून दिली' असं लिहून, आणि घरी येऊन बघते तर आत बुरशी. परत घ्यायला साफ नकार, वर म्हणे तुमच्याकडच्या दमटपणानं धरली, एका रात्रीत! अजून राग जात नाही माझा. तर लेन्स हातात घेतली की मागचं झाकण काढा, लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र पूर्ण उघडं ठेवा, मोबाईलची बॅटरी मागून तिरकी मारा आणि पुढून बघा. बुरशी असेल तर काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. थोडी धूळ चालते, धागे असले की उठून यायचं. फोकसची रिंग पूर्ण फिरवून बघा, खरखर लागते का. लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या माउंटचे स्क्रू कुणी उघडलेत का तेही बघा, खाचा घासलेल्या असतात.

आदित्य_ठाणे
म्हणून मोबाईल बरा, बुरशी नाही काही नाही.

जुना_डार्करूमवाला
स्नेहाताई, तुमच्या बजेटात एक रुपया खर्च न करता वाइडचं काम होतं. कॅमेरा उभा धरा, मॅन्युअल एक्स्पोजर (प्रकाशाचं माप हातानं ठरवून तेच ठेवायचं), फोकस एकदा लॉक करा, आणि डावीकडून उजवीकडं पाचसहा फोटो काढा, प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा यायला हवा. घरी ह्युजिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते जोडून देतं. हेमकूट टेकडीवरून विरूपाक्ष मंदिराचं गोपूर, मागं नदी, पलीकडच्या टेकड्या, हे सगळं १८-५५ नं मिळतं. हेमकूट म्हणजे सपाट कातळाचा उतार आहे, बाबा सावकाश चढतील. मातंग टेकडी मात्र नको, पायऱ्या तुटक्या आणि अंधारात चढायचं.

वाइडनं गोपुराच्या पायथ्याशी उभं राहून कॅमेरा वर केला की नऊ मजली, जवळपास पन्नास मीटरचं ते गोपूर मागं कोसळतंय असं दिसतं. त्यापेक्षा समोरच्या बाजाररस्त्यानं मागं मागं चालत जा, जागाच जागा आहे. गोपूर पूर्वेचं, त्यामुळं बाजारातून सकाळीच काढायचं. गजशाळा पश्चिमेला तोंड करून आहे, ती दुपारी चारनंतर, तेव्हा अकराही घुमटांखाली दारांत ऊन शिरतं. राजवाड्याच्या आवारातली पायऱ्यांची पुष्करणी भर दुपारी सपाट दिसते, ऊन तिरकं असताना प्रत्येक पायरीची सावली वेगळी पडते. हजारराम मंदिराच्या भिंतीवरची रामायणाची शिल्पं उठून यायला सुद्धा तिरकंच ऊन लागतं. उन्हाच्या वेळा आधी ठरवा, कुठं कधी पोचायचं ते त्यावरून ठरेल.

आणि विरूपाक्षात मागच्या बाजूच्या एका खोलीत भिंतीला बारीक भोक आहे, तिथून बाहेरच्या गोपुराची उलटी सावली आतल्या भिंतीवर पडते. पिनहोल कॅमेरा म्हणतात तो हाच, दगडाच्या देवळात. फोटोचा नाद असलेल्यानं ते बघितल्याशिवाय येऊ नये. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्या, भिंतीला खांदा टेकवा.

अजून एक. १८५६ साली अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर हंपी टिपलं होतं. त्यात दगडी रथावर विटांचं शिखर आहे. आज ते नाही, म्हणजे आपण जो रथ 'मूळ' समजून काढतो तो तसा नव्हताच. १९८० च्या दशकात जॉन गॉलिंग्स या ऑस्ट्रेलियन फोटोग्राफरनं त्याच जागांवर उभं राहून तेच फोटो पुन्हा काढले. ग्रीनलॉचा एखादा फोटो फोनमध्ये ठेवा आणि त्याची जागा शोधा, नुसत्या त्या शोधात सकाळ छान जाते.

फुलफ्रेम_फडके
असं जोडलेल्या फोटोत, पॅनोरमात, माणसं हलली की अर्धी होतात. वाइड ती वाइड.

मिरजकर_मन्या
मी पण वाइडच सांगणार होतो. १०-२०. आणि माकडांपासून सांभाळा, हेमकूटवर माझ्या मेव्हण्याच्या हातातली चिप्सची पिशवी नेली, मागोमाग कॅमेऱ्याच्या पट्ट्याला पण हात घातला. पट्टा मनगटाला गुंडाळूनच फिरा. गोल होडीत बसणार असाल तर कॅमेरा पिशवीत बंद, नावाडी मुद्दाम गरागरा फिरवतात आणि पाणी उडतं.

सोलापुरी_भटक्या
३५ एफ १.८ डीएक्स बघा, बजेटात आरामात बसते, देवळातल्या अंधाराला बरी. व्हीआर नाही पण छिद्र मोठं आहे.

कृष्णाकाठची_स्नेहा
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, विशेषतः डार्करूमवाले काका, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलंय, आणि केतकीताई, तुमची बॅटरीची युक्ती कालच वापरली.

लेन्स घेतली. एएफ-पी ७०-३०० व्हीआर, शिरोळच्या एका गृहस्थांकडून, साडेअकरा हजारांना, काच स्वच्छ. एक सांगते, कुणी घेणार असेल तर, ही लेन्स व्हीआर आणि बिनव्हीआर अशा दोन्ही प्रकारांत येते आणि दोन्ही दिसायला सारख्याच. बाजूला व्हीआरचं बटणच नसतं, ते कॅमेऱ्याच्या मेनूतून चालू करायचं असतं. त्यामुळं नावात व्हीआर लिहिलंय का ते वाचूनच पैसे द्या. मला आधी दुसऱ्या एकानं बिनव्हीआरवाली त्याच भावात दाखवली होती.

तुम्ही सगळ्यांनी वाइड सांगितलं तरी मी टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारीच घेतली, कारण मला कोरीवकाम हवंय आणि ते सगळं उंचावर आहे. गोपुरावरच्या चुन्याच्या मूर्ती खालून नुसत्या ठिपक्यांसारख्या दिसतात, त्यांचे चेहरे मला हवेत. विरूपाक्षाच्या रंगमंडपात छतावर विद्यारण्य स्वामींच्या मिरवणुकीचं चित्र आहे आणि अर्जुनाचा मत्स्यवेध आहे, ते एकेक चित्र भरून हवंय. बाबा खाली कट्ट्यावर बसतील आणि मी त्यांच्या शेजारी बसूनच वरचं काढू शकेन, कुठं चढायला नको. रुंद दृश्यांना पॅनोरमा.

फुलफ्रेम_फडके
३०० ला एफ ६.३ आहे, छताच्या अंधारात काही येणार नाही.

कृष्णाकाठची_स्नेहा
३०० पर्यंत जाणारच नाही तिथं, छत एवढं उंच नाही. ७० ते १०० मध्ये एफ ४.५ च्या आसपास राहते, व्हीआर आहे, खांबाला पाठ टेकवून १/६० सेकंदानं काल घरी संध्याकाळी काढून बघितलं, आजीच्या फोटोफ्रेमवरची अक्षरं वाचता येतात.

जुना_डार्करूमवाला
चांगलं केलंत. तिघं खांबाशी टेकून बसलात की मागून येणाऱ्यांना वाट ठेवा, तो मंडप पूजेचा आहे, गर्दी असते. गाभाऱ्यात फोटो नाही. कॅमेऱ्याची वेगळी पावती घ्यावी लागते, सुटे पैसे ठेवा.

रानवाटा
पुढच्या वेळी वाइड घेशीलच.

मिरजकर_मन्या
ते शिरोळचे अजून काही विकतायत का? मला ३५ हवी आहे, निरोप पाठव.