कर्मवीरांचं नाव घेऊन पोरांना झोडपायचं बंद करा

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट: काल इथं एका काकांनी टाकलंय, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कॉलेजातली पोरं राबून शिकली, आजच्या डिग्रीवाल्यांना सगळं आयतं पाहिजे. डोकंच फिरलं. ओ काका, भाऊरावांनी १९४७ ला साताऱ्यात कॉलेज काढलं ते फ्री होतं, राहायची सोय होती, म्हणून पोरं राबली आणि शिकली पण. माझा धाकटा भाऊ खानापूरकडनं सकाळच्या बसनं बेळगावला येतो, कॉलेज करतो, मग फौंड्रीत उभा राहतो, शेवटची बस चुकली की तिथंच झोपतो, वर फी आहेच. हे पण कमवा आणि शिकाच की, फक्त शिकायचं तेवढं राहून जातंय.

शहापूरचा_काका: मीच तो. आम्ही पण सायकल मारत कॉलेज केलंय, रडलो नाही. क्लास बुडवून किल्ला तलावावर रील करत बसत्यात ते दिसत नाही व्हय?

निपाणीकर: शाहू महाराजांनी १९०१ पासनं कोल्हापुरात बोर्डिंगं उभी केली, आधी पोरांच्या राहण्या-जेवणाचं बघितलं. आपल्याकडं हॉस्टेलची लिस्ट लागेपर्यंत अर्धी सेमिस्टर जाती.

टिळकवाडी_०८३१: सारखं कोल्हापूर-सातारा कशाला? सिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी इस्टेट शिक्षणाला दिली, १९१६ ला सात मास्तरांनी केएलई ही इथली शिक्षणसंस्था काढली. आपले मराठी श्रीमंत काय करत्यात, गणपतीच्या फ्लेक्सवर फोटो!

सीमावासी: गणपतीवर जाऊ नका. मराठी मीडियमनं दहावी झालेल्या पोरानं पुढं काय करायचं ते बोला. सर अर्धं इंग्रजी, अर्धं कन्नड. मुलगीला शेवटी कोल्हापूरला ठेवली, रूमभाड्यातच पगार जातोय.

टिळकवाडी_०८३१: आलं, बेळगाव म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं त्या १९५६ लाच सगळे धागे जाऊन थांबत्यात. माझी बहीण कन्नड शिकली, आज बँकेत आहे, घरात मराठीच बोलती.

सीमावासी: बहीण हुशार असेल ओ, तिच्यावरनं सगळ्यांना नियम लावू नका. फॉर्म मराठीत मागितला की क्लार्क कसा बघतो, ते तुम्ही एकदा बघून या.

निपाणीकर: फॉर्मचं म्हणाल तर मी तिनदा परत आलोय.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट: भाषेचा वेगळा धागा काढा की. जोतिबा फुल्यांनी १८८२ ला इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनला सांगितलंय, पैसा रयतेच्या घामाचा आणि फायदा वरच्या वर्गाच्या शिक्षणाला.

टिळकवाडी_०८३१: म्हणजे फुले प्राथमिक शाळांसाठी भांडत होते. कॉलेजच्या हॉस्टेलला त्यांना कशाला ओढता?

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट: ज्यांच्या खिशातनं पैसा जातो त्यांचीच पोरं बाहेर, हे म्हणत होते. आज पण तेच.

शहापूरचा_काका: बरं, तुझा भाऊ कष्टाळू, मानलं, सत्कार करू. पण एक पोरगा म्हणजे सगळी पोरं नव्हेत.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट: आणि तलावावरची चार म्हणजे सगळी व्हय?