परदेशात मोबाईल कसा वापरलात? अनुभव लिहा

आई-बाबा पहिल्यांदाच दादाकडे दुबईला चाललेत, रत्नागिरीहून. बाबांना रोज संध्याकाळी मांडवीच्या मित्रमंडळींशी व्हिडिओ कॉल हवाय, शिवाय इथला नंबर बंद पडला तर बँकेचं कसं हा घोर. कुठल्याही देशाचे अनुभव चालतील.

दापोलीहून : दुबईत व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं जातं पण कॉल लागत नाही, तिकडच्या सरकारनेच इंटरनेट कॉलिंग परवानगी असलेल्या ॲप्सपुरतं ठेवलंय. आमच्या वाडीतली निम्मी पोरं आखातात, त्यामुळे सासूबाईंना टीव्हीचा रिमोट कळत नाही पण बोटिम (तिकडे परवानगी असलेलं कॉलिंगचं ॲप) बरोब्बर उघडतात. निघायच्या आधीच दोन्हीकडे टाकून घ्या, नाहीतर बाबा तिकडे आणि मित्र इकडे नुसते फोन हलवत बसतील.

चिपळूणहून : इथलं सिम काढून पाकिटात ठेवू नका!! ओटीपी त्यावरच येणार. ड्युअल सिम असेल तर तिकडचं सिम डेटाला आणि आपलं नुसतं चालू, पण जायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्यायचं आणि डेटा रोमिंग मात्र बंद. रोमिंगवर येणारा एसएमएस साधारणपणे फुकट असतो, कॉल उचललात की मीटर पडला. रिचार्जची मुदत पण बघा, मुलगा जर्मनीत असतो, त्याच्या नंबरचा रिचार्ज इथून मीच मारते.

वेंगुर्ल्याहून : मी बोटीवर असतंय. क्रूझवर जाणाऱ्यांका एकच सांगणा, किनारो सुटलो की फ्लाईट मोड. फोन आपोआप बोटीवरच्या सॅटेलाइट नेटवर्काक चिकटता, देशाचो रोमिंग पॅक थंय सहसा चलना नाय, बिल बघून झीट येतली. आमका आधी बंदर येईसर घरचो आवाज नाय, आता बऱ्याच बोटींवर स्टारलिंक इला.

गुहागरहून : युरोप टूरवाल्यांसाठी, २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये एका देशाचं सिम दुसऱ्या देशात त्याच दरात चालतं पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, आणि आपली टूर तर तिथे जातेच जाते. पॅकमध्ये स्वित्झर्लंड लिहिलंय का ते वाचून मगच सिम घ्या.

देवगडहून : चीनमध्ये गुगल, व्हॉट्सॲप बंद. पण आपल्या सिमवर रोमिंग घेतलं तर चालतं, कारण डेटा आपल्या कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून येतो. हॉटेलच्या वायफायवर गेलं की ठप्प.

राजापूरहून : भाचा अमेरिकेतून आयफोन घेऊन आला, त्याला सिमची खाचच नाही. तिकडे आयफोन १४ पासून नुसतं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम. मागवणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

देवरूखहून : दुबईत रेंजला तोटा नाही हो, प्रश्न इकडचाच. आमच्याकडे फोन घ्यायला सड्यावर चढायला लागतं, त्यामुळे वेळ आधी ठरवा. दुबई दीड तास मागे, इथले सात म्हणजे तिथे साडेपाच.