महासीरवरची फ्लाय फिशिंग फिल्म: दिवस किती धरावेत?

दादर_रीळ: उत्तराखंडात रामगंगेवर महासीर माशाच्या फ्लाय फिशिंगची, म्हणजे गळाला पिसांची खोटी माशी (फ्लाय) बांधून केलेल्या मासेमारीची, १० मिनिटांची फिल्म करायची आहे. मुंबईहून चौघं, दोन कॅमेरे अंधेरीतून भाड्याने. शूटिंगचे दिवस किती धरायचे? शिवाय चाचणीत पाणी पांढरंफटक येतंय आणि फ्लाय लाइन (फ्लाय फेकायची दोरी) दिसतच नाही. काय चुकतंय?

काचवाला: लाइन जेमतेम एक मिलिमीटर जाड, उजळ आकाशावर ती विरून जाणारच. ऊन लाइनच्या मागून घ्या आणि पाठीमागे सावलीतली गर्द झाडी ठेवा. मग हवेतला लूप, म्हणजे लाइनचा वळसा, चांदीच्या तारेसारखा उठतो. लाइन केशरी घ्या. सेकंदाला १२० फ्रेमला शटर १/२४० सेकंद, त्याहून मंद ठेवलंत तर लाइन फरफटते. पाण्यासाठी सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर. दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तो आधीच हिशोबात धरा. पुलावरून सरळ खाली कॅमेरा लावलात तर पोलरायझरचा काही उपयोग नाही, पाण्याकडे तिरकं बघायला हवं. आणि चकाकी सगळी पुसू नका हो, नदी मेल्यासारखी दिसते.

हिशोब_परळ: पैसा कॅमेऱ्यात जात नाही, थांबण्यात जातो. वर पाऊस झाला की पाणी गढूळ होतं, माशाला फ्लाय दिसत नाही आणि दिवस वाया. भाडं, गाडी, जेवण मात्र चालूच. समजा रोजचे २५ हजार, तर ८ दिवसांचे २ लाख. त्यात ३ दिवस गढूळ गेले तर ७५ हजार वर. हे ३ दिवस पहिल्यापासून धराच, म्हणजे ८ आणि ३ मिळून ११. गढूळ दिवसांत फ्लाय बांधणारे हात, मुलाखती उरकून घ्या. प्रवासाच्या दिवसांचं भाडं लागतं का, ते लिहून घ्या.
रेकॉर्डिंग १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) ठेवलं तर तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, रोज तीन-तीन तास म्हणजे २७० जीबी, ८ दिवसांत २ टीबीच्या वर. ४ टीबीच्या दोन डिस्क, वेगवेगळ्या बॅगांत. विमानात सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच, शंभर वॅट-अवरच्या आतल्या.
कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या आत गळ टाकायला बंदी आहे. बाहेरच्या पट्ट्यासाठी गळाची आणि शूटिंगची परवानगी वेगवेगळी विचारा.

ओलेहात: मासा लागला की रीटेक नाही. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच चेपा, हात ओले करा, मासा जाळ्यासकट पाण्यातच ठेवा. वर उचलायचा तर दहा सेकंद, बस्स. म्हणून दुसऱ्या कॅमेऱ्याचा फोकस जाळ्यावर आधीच लावून ठेवा. गळाच्या रीळची किर्रर्र नदीच्या आवाजात बुडते, ती रात्री खोलीत एका वितीवरून वेगळी टिपा.