पोलारी: लपण्याची नव्हे, हसण्याची भाषा

समलिंगी लोकांची सांकेतिक भाषा ही फक्त भीतीची खूण होती, आता तिची गरज उरली नाही, असं काही जण म्हणतात. मला हे अर्धंच पटतं.

ब्रिटनमधली 'पोलारी' घ्या. खलाशी, सर्कसवाले, नाटकवाले यांच्या बोलीतून ती समलिंगी पुरुषांकडे आली. 'बोना' म्हणजे छान, 'व्हाडा' म्हणजे बघणं, 'ओमी' म्हणजे पुरुष. चेहऱ्याला 'ईक', कारण 'फेस'ची इंग्रजी अक्षरं उलटी केली की 'एकाफ' होतं आणि त्याचंच हे छोटं रूप. पोलिसाला तर चक्क बाईचं नाव, 'लिली लॉ'! समलिंगी संबंधांसाठी कायद्याने तुरुंगात टाकता येत असताना शिपायाला असं नाव ठेवायचं, ही नुसती भीती कशी असेल? त्यात केवढी हिंमत आहे.

१९६५ ते १९६८ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या 'राउंड द हॉर्न' या विनोदी कार्यक्रमात ज्युलियन आणि सँडी ही पात्रांची जोडी हीच भाषा बोलायची. घराघरांत लोक खळखळून हसत होते, जाणकारांना मात्र आतला अर्थही कळत होता. १९६७ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये २१ वर्षं पूर्ण झालेल्या पुरुषांचे खासगी समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, आणि पोलारी हळूहळू मागे पडली. पुढच्या तरुणांना ती जुनाट, बायकी वाटू लागली, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडेही हिजडा समाजाची स्वतःची बोली आहे. तिला फारसी म्हणतात, पण इराणच्या फारसीशी तिचं नातं नाही. आजही ती गुरूकडून चेल्याकडे जाते.