मदत हवी आहे: कमी उंचीच्या व्यक्तीने मापाने घडवलेल्या स्टीलच्या फ्रेमसाठी तिप्पट पैसे मोजावेत का?

नमस्कार,

मी पुण्यात कोथरूडला राहते आणि लांब पल्ल्याचे सायकलिंग करते. २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) झाल्या आहेत. आता ४० तासांत पूर्ण करायची ६०० ची तयारी सुरू आहे आणि २०२७ मध्ये पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या फ्रान्समधल्या सुमारे १,२०० किलोमीटरच्या राइडला जाण्याची मनापासून इच्छा आहे. त्यासाठी नवी सायकल घ्यायची असून माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एक, तैवानच्या कारखान्यात तयार झालेली स्टीलची फ्रेम. दुसरा, कारागिराकडून माझ्या मापाने हाताने घडवून घेतलेली फ्रेम. दुसरीची किंमत पहिलीच्या जवळजवळ तिप्पट आहे आणि परदेशातून मागवली तर सीमाशुल्क व कर त्यावर वेगळे. हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हे मला समजून घ्यायचे आहे. आतापर्यंत वाचून, पाहून आणि मोजून जे कळले ते आधी मांडते, म्हणजे कुठे चुकत असेन तर जाणकारांना सांगता येईल.

जाहिरातींत सर्वाधिक भर धातूवर असतो. रेनॉल्ड्स ८५३ किंवा कोलंबस स्पिरिट अशी नळ्यांची नावे वाचली की नळ्या महाग म्हणून फ्रेम महाग, असा समज होतो. मात्र ४१३० क्रोमोली या साध्या मिश्र स्टीलपासून ८५३ पर्यंत सगळ्या स्टीलचा ताठपणा जवळपास सारखाच, म्हणजे साधारण २०० गिगापास्कल असतो. फरक असतो तो ताकदीत: रेनॉल्ड्स ५२५ ची ताणशक्ती ७०० ते ९०० मेगापास्कल सांगितली जाते, तर ८५३ ची १,२५० च्या पुढे. त्यामुळे एकाच व्यासाच्या आणि एकाच जाडीच्या दोन नळ्या, एक स्वस्त आणि एक महाग, पायडलवर जोर दिल्यावर सारख्याच वाकतील. महाग नळी अधिक पातळ करता येते, हाच तिचा खरा फायदा. टोकांना ०.८ मिलिमीटर आणि मध्ये ०.५ मिलिमीटर अशा ‘बटेड’ नळ्यांची कल्पनाही नवी नाही. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने तिचे पेटंट १८९७ मध्येच घेतले होते आणि आज मध्यम किमतीच्या कारखानी फ्रेममध्येही अशा नळ्या सर्रास मिळतात. शिवाय घडवलेल्या फ्रेमच्या एकूण किमतीत नळ्यांचा वाटा लहानच असतो. तेव्हा केवळ धातूच्या नावासाठी तिप्पट पैसे देणे मला पटत नाही.

एक मुद्दा मात्र इथेच नोंदवते, कारण तो फारसा कोणी बोलत नाही. माझे वजन पन्नास किलोच्या आतबाहेर आहे. कारखान्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापाच्या फ्रेमला बहुधा एकाच जाडीच्या नळ्या वापरतात, आणि लहान फ्रेममध्ये नळ्या आखूड असल्याने ती गरजेपेक्षा कितीतरी ताठ होते. कारागीर चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे नळ्या निवडू शकतो. हा फरक अंगाला खरोखर जाणवतो का, हे हलक्या वजनाच्या मंडळींनी सांगावे.

जोडांचे सौंदर्य हा दुसरा मुद्दा. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जुन्या सायकलींचे लग (नळ्यांची टोके ज्यांत बसवून जोडतात ते धातूचे खोळे) पाहताना वेळ कसा जातो ते कळत नाही, आणि अशा कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही लग असणे हीच महागपणाची खूण मानता येत नाही, कारण आपल्याकडच्या दूधवाल्यांच्या साध्या काळ्या सायकलीही लग आणि ब्रेझिंगनेच (नळ्या न वितळवता दुसरा धातू वितळवून केलेल्या जोडणीने) जोडलेल्या असतात. चांदीच्या मिश्रधातूने ६५० ते ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास ब्रेझिंग करता येते आणि पातळ नळीला उष्णता कमी लागते, हे खरे. पण ८५३ सारखे स्टील तर टिग वेल्डिंगनंतर (विजेच्या ठिणगीने नळ्याच वितळवून जोडल्यावर) हवेत थंड होताना जोडापाशी अधिक कठीण होते. नीट केलेला कोणताही जोड टिकतो, असे माझे मत झाले आहे.

‘स्टीलची फ्रेम धक्के गिळते’ हे वाक्य ग्रुप राइडला हमखास ऐकू येते. बोपदेव घाट उतरताना किंवा सातारा रस्त्यावरच्या रंबल स्ट्रिप्सवरून जाताना हाताला जे बसते, ते मुख्यतः टायरची रुंदी आणि त्यातली हवा यांवर ठरते. त्रिकोणी बांधणीची फ्रेम उभ्या दिशेने फारच थोडी दबते. मी २८ ऐवजी ३२ मिलिमीटरचे टायर बसवून हवा कमी ठेवली, तेव्हा पडलेला फरक कोणत्याही फ्रेमने पडला असता असे वाटत नाही.

आता माझ्या दृष्टीने खरा प्रश्न: माप. माझी उंची १५२ सेंटिमीटर आहे. ७०० सी, म्हणजे रस्त्यावरच्या सायकलींच्या नेहमीच्या मोठ्या चाकांची सर्वांत लहान कारखानी फ्रेम तीन ठिकाणी तडजोड करते, आणि त्या तिन्ही तडजोडी मी रोज अनुभवते.

वरची दांडी कागदावर आखूड दिसावी म्हणून सीटच्या नळीचा कोन ७३ ऐवजी ७५ अंश केलेला असतो. माझी सीट पायडलच्या अक्षापासून साधारण ६२ सेंटिमीटर उंच असते. त्या उंचीवर दर अंशाला सीट सुमारे १.१ सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे दांडी दोन सेंटिमीटर कमी दिसते, पण पायडलच्या अक्षापासून हँडलचे अंतर तेवढेच राहते. सीट मागे घेऊन योग्य जागी आणली की हँडल पुन्हा लांब जाते आणि दीडशे किलोमीटरनंतर मान आणि खांदे भरून येतात.

दुसरी तडजोड पुढच्या चाकाची. सावकाश वळताना बुटाचे टोक चाकाला लागते. माझ्या सध्याच्या सायकलीवर ही अडचण दीड सेंटिमीटरची आहे. सिग्नलच्या गर्दीत किंवा घाटातल्या चढाच्या वळणावर यामुळे पडण्याची भीती असते. ती कमी करण्यासाठी तिसरी तडजोड येते: हँडलच्या नळीचा कोन ७० अंशांपर्यंत पाडला जातो. ३२ मिलिमीटरचा टायर आणि ४५ मिलिमीटर ऑफसेटचा चिमटा (पुढचे चाक धरणारा; चाकाचा अक्ष हँडलच्या नळीच्या रेषेच्या जितका पुढे, तो ऑफसेट) धरून हिशेब केला, तर ७३ अंशांना ट्रेल, म्हणजे ती रेष जमिनीला जिथे भिडते तिथून चाक टेकते त्या जागेपर्यंतचे अंतर, सुमारे ५८ मिलिमीटर येते आणि ७० अंशांना ७७. चढावर वेग कमी असताना अशी सायकल डुलते आणि दमलेल्या हातांना ती सतत सरळ ठेवावी लागते.

कारागीर याचे उत्तर थोड्या लहान ६५० बी चाकांनी देतो. रिमचा व्यास ६२२ वरून ५८४ मिलिमीटरवर येतो, म्हणजे तेवढ्याच टायरला चाकाची त्रिज्या १९ मिलिमीटरने घटते, बूट मोकळा होतो आणि कोन ओढूनताणून बदलावे लागत नाहीत. साडेपाच फुटांच्या पुढच्या माणसाला दुकानात हवे ते माप मिळते. आम्हाला मात्र उरलेले गोड मानून घ्यावे लागते, आणि याबद्दल सायकल कंपन्यांनी अधिक आस्थेने विचार करायला हवा, असे मला फार तीव्रतेने वाटते.

कारागिरीची पारख कशी करावी, हेही विचारायचे आहे. एका मैत्रिणीची घडवलेली फ्रेम आम्ही दोऱ्याने तपासली. मागच्या चाकाचा अक्ष जिथे बसतो त्या फ्रेमच्या एका खाचेला दोरा बांधला, तो हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणला आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर पट्टीने मोजले. दोन्हीकडे अंतर सारखे भरले. माझ्या सायकलीवर तीन मिलिमीटरचा फरक निघाला. हँडल सोडले की ती एका बाजूला का ओढते, याचे हेच कारण असावे का? फ्रेम ताब्यात घेताना याखेरीज आणखी काय तपासावे?

दुरुस्तीबद्दल ‘गावातला वेल्डरही स्टीलची फ्रेम जोडून देतो’ असे म्हणतात, ते अर्ध्या मिलिमीटरच्या नळीला लागू पडेल असे वाटत नाही. गंजासाठी नळ्यांच्या आतून जवसाचे उकळलेले तेल फिरवण्याचा उपाय ठाऊक आहे. ताम्हिणीच्या पावसात तो किती टिकतो, हे कोणी वापरले असल्यास कळवावे.

भर (प्रतिसाद वाचल्यानंतर): सर्वांचे मनापासून आभार. दोन सूचना फार उपयोगी ठरल्या. पहिली, सर्ली कंपनीच्या डिस्क ट्रकर या सायकलीची लहान मापे २६ इंची चाकांवर येतात, तेव्हा कारखानी फ्रेममध्येही बूट मोकळा राहू शकतो. हे मान्य आहे. परंतु ती सामान लादून प्रवास करण्यासाठी बांधलेली सायकल असल्याने तिच्या नळ्या जाड आहेत, आणि माझ्या वजनाला व वेळेच्या मर्यादेत चालवायच्या ६०० ला ती जड पडेल. दुसरी सूचना १७० ऐवजी १६० मिलिमीटरचे क्रँक (पायडलच्या दांड्या) बसवण्याची. त्याने एक सेंटिमीटर सुटतो, गुडघ्यालाही बरे वाटते आणि खर्च फ्रेमच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे. क्रँक मी फ्रेमचा निर्णय काहीही झाला तरी बदलणार आहे.

यामुळे प्रश्न आता लहान झाला आहे. बुटाची अडचण कमी खर्चात बरीचशी सुटते. हँडलचे अंतर आणि ट्रेल या दोन गोष्टी सुटत नाहीत, आणि तिप्पट किंमत मुळात त्यांच्यासाठीच मोजायची आहे. ज्यांची उंची १५५ सेंटिमीटरच्या आत आहे आणि ज्यांनी कारखानी फ्रेमवरून मापाच्या फ्रेमवर बदल केला, त्यांनी ४०० किंवा ६०० नंतर मान, खांदे आणि तळव्यांत काय फरक पडला ते कृपया लिहावे. कारागिराने पाठवलेल्या आराखड्यात ६५० बी चाके, सीटचा कोन ७३ आणि हँडलच्या नळीचा कोन ७२ अंश आहे. पुढे हँडलबॅग कायम असणार आहे. तेव्हा चिमट्याचा ऑफसेट ४५ मिलिमीटरच ठेवावा की वाढवून ट्रेल आणखी कमी करावी, हे मला आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कळवायचे आहे.